घारापुरीच्या पायऱ्यांवर : कारागिरीचे कौतुक आणि कारागिराचा प्रश्न

१

कारागिरीविषयी आपल्याकडे फार गोड बोलले जाते. 'पारंपरिक हस्तकला', 'पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा', 'हाताची ऊब', 'मातीशी नाते' हे शब्द प्रदर्शनांच्या फलकांवर, पर्यटनाच्या पुस्तिकांत आणि प्रवासवर्णनांत इतक्या सवयीने येतात की त्यांची झडती घ्यावी असे कुणाला वाटत नाही. प्रवासवर्णनाचा लेखक एखाद्या बेटावर उतरतो, तिथल्या बाजारात शिरतो, मुखवटा किंवा टोपली हातात घेतो, आणि यंत्रयुगात हरवलेले काहीतरी आपल्याला पुन्हा गवसले अशा थाटात दोन पाने भरतो. टोपली विणणाऱ्याला ती विणण्यावाचून दुसरे काही करता आले असते का, हा प्रश्न त्या दोन पानांत सहसा नसतो. कारागिरीच्या कुठल्याही समीक्षेची सुरुवात याच प्रश्नापासून झाली पाहिजे, असे मला वाटते. हे मी पुस्तकातून शिकलो असे म्हणालो तर ते खोटे होईल. मला ते एका बेटावरच्या दुकानदारीण बाईने शिकवले.

घारापुरी हे आमच्याच रायगड जिल्ह्यातले बेट. ते उरण तालुक्यात मोडते. आम्ही मात्र डोलवीहून आधी मुंबई गाठली आणि गेटवेवरून लाँच धरली. बी.ए.च्या मराठी विषयाची मुले बरोबर होती. बहुतेक पेण, वडखळ, रोहा या भागातली; आगरी, कातकरी, बौद्ध, चांभार, कुणबी अशा घरांतली. त्यांतल्या निम्म्यांनी जिल्ह्यातले हे बेट पहिल्यांदाच पाहिले. समोर मुंबईच्या इमारती दिसतात आणि रात्री त्यांचे दिवेही दिसतात. पण या बेटावरच्या गावांत समुद्राखालून टाकलेल्या तारेने नियमित वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. १९८७ साली जागतिक वारसा म्हणून नावाजल्या गेलेल्या लेण्यांच्या पायथ्याची माणसे त्यानंतर तीस वर्षे रात्री काही तास चालणाऱ्या जनित्रावर भागवत होती. वारशाचा उजेड लेण्यावर पडतो; पायथ्याच्या घरात तो आपोआप पोचत नाही. मुलांना मी एवढे सांगितले आणि आम्ही पायऱ्या चढू लागलो.

लेण्याकडे जाणाऱ्या शंभराहून अधिक पायऱ्या आहेत आणि त्यांच्या दोन्ही अंगांना दुकाने आहेत. वर ताडपत्री, खाली फळ्या. त्यांवर मण्यांच्या माळा, पितळेच्या मूर्ती, मुखवटे, टोप्या, वारली चित्रांच्या तसबिरी, आणि सगळ्यांत जास्त हत्ती. मऊ दगडाचे, जाळी कोरलेले. पोटात आणखी एक पिल्लू दिसेल असे हत्ती.

या हत्तींची एक गोष्ट मुलांना माहीत नव्हती. बेटाला पोर्तुगीजांनी 'एलिफंटा' हे नाव दिले ते इथल्या एका भल्यामोठ्या दगडी हत्तीमुळे. तो हत्ती आज बेटावर नाही. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला, उचलताना तो पडून फुटला, तुकडे मुंबईला आले, आणि पुढे जोडून उभा केलेला तो हत्ती आज भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. म्हणजे ज्या बेटाचा हत्ती गेला त्या बेटावर आता हत्ती विकले जातात. आणि तेही तिथे घडवलेले नव्हेत.

ही विसंगती पाहून मी मनातल्या मनात खूश झालो होतो, हे कबूल केले पाहिजे. 'पारंपरिक बाजार' म्हणून मिरवणारा हा बाजार कसा बनावट आहे, हे मुलांना दाखवण्याची संधी मला मिळाली होती. एका दुकानासमोर थांबून मी विचारले, "मावशी, हा हत्ती इथेच बनतो का?"

"नाय. आग्र्याचा हाय."

"मग इथलं, तुमच्या हातचं काहीच नाही?"

तिने माझ्याकडे नीट पाहिले. "मी इथली हाय ना," ती म्हणाली. मग माझ्या पायांकडे बोट करून म्हणाली, "आनि तुमच्या पायातल्या चपला? त्या तुमच्या गावच्या हायेत?"

मुले हसली. मीही हसलो. पण मला उत्तर देता आले नाही. कारण माझ्या पायात कारखान्यातले सँडल होते, आणि माझे आजोबा डोलवीच्या परिसरात चपला करणारे चांभार होते.

२

आजोबांना मी शेवटच्या काळात पाहिले. ओसरीच्या कोपऱ्यात गोणपाट टाकलेले, त्यावर रापी, आरी, लाकडी फर्मे आणि चामडे ठोकायचा गुळगुळीत दगड. शेजारी पाण्याची कुंडी. त्या कुंडीच्या पाण्याचा वास आमच्या घराला, कपड्यांना आणि शाळेच्या दप्तरालाही होता. प्रदर्शनाच्या फलकावर ज्याला 'मातीचा सुगंध' म्हणतात तो हा वास नव्हे. या वासामुळे मला वर्गात शेवटच्या बाकावर बसवले जात असे.

आमच्या खारेपाटात लोक बहुतेक अनवाणी. खाजणातल्या चिखलात चप्पल टिकत नाही. चपला लागत त्या गावातल्या मोजक्या मोठ्या घरांना. देशावरची बलुतेदारी कोकणात जशीच्या तशी नव्हती, पण रीत त्याच जातीची होती. सुगीच्या वेळी खळ्यावर जायचे, लांब उभे राहायचे, आणि घालतील तेवढे भात पदरात घ्यायचे. मोल आधी ठरलेले नसे. वर्षभर केलेल्या कामाची किंमत घेणाऱ्याच्या मर्जीवर होती. आणि चप्पल किती सुबक झाली याच्याशी त्या पायलीचा काही संबंध नव्हता.

आजोबांच्या हातात कसब होते का? होते. त्यांनी शिवलेला अंगठा तुटत नसे, असे गावात अजून सांगतात. पण हे सांगताना नाव घेतात ते कसे? एकेरीत, आणि पुढे जात लावून. इथेच मावशींच्या प्रश्नाने माझ्या मनातली एक सोपी समजूत मोडली. आजवर मला वाटत होते की बाजारात वस्तूवरून कारागिराचे नाव पुसले जाते, हा खरा अन्याय. वस्तूवर कारागिराचे नाव आले म्हणजे न्याय झाला. पण आजोबांची चप्पल कुणी केली हे साऱ्या गावाला ठाऊक होते! नाव ठाऊक होते, घर ठाऊक होते, बाप-आजा ठाऊक होता. त्या ठाऊक असण्यानेच त्यांना त्या ओसरीच्या कोपऱ्यात जखडून ठेवले होते. गावात कारागीर अनामिक कधीच नव्हता. अनामिक होण्याची मुभाच त्याला नव्हती.

आणि ती पायऱ्यांवरची बाई? ती आज हत्ती विकते. उद्या गिऱ्हाईक टोप्या मागू लागले तर टोप्या विकेल. हत्ती तिच्या कपाळाला चिकटलेला नाही. तिच्या मुलीला हत्तीवाल्याची म्हणून कुणी स्थळ नाकारणार नाही. तिचे जगणे सुखाचे आहे असे मी म्हणत नाही. सारी भिस्त लाँचवर. पावसाळ्यात लाँच बंद पडली की गिऱ्हाईक नाही. घाऊक व्यापारी आपला नफा आधी कापून घेणार. आग्र्याच्या कारखान्यात दगडाची भुकटी कुणाच्या छातीत जात असेल, याचाही हिशोब तिच्या फळीवर नाही. बाजार हा शोषणाचा कारखाना आहे, हे मान्यच आहे. पण तिच्या आणि आजोबांच्या स्थितीत एक फरक आहे, आणि तो मूलभूत आहे. तिला धंदा सोडता येतो.

३

कारागिरीविषयीची गोड भाषा कुठून आली, हे एकदा पाहिले पाहिजे. ती आपल्या लोकगीतांतून आलेली नाही, की कारागिरांच्या तोंडूनही नाही. तिची एक वंशावळ आहे.

घारापुरीच्या फुटलेल्या हत्तीच्या तुकड्यांशी ज्यांचे नाव जोडले जाते ते जॉर्ज बर्डवुड हे या वंशावळीतले मोठे नाव. १८३२ साली बेळगावात जन्मलेला हा इंग्रज डॉक्टर मुंबईच्या संग्रहालयाच्या उभारणीत होता. हिंदुस्थानातल्या औद्योगिक कलांवरचा त्याचा ग्रंथ १८८० साली निघाला. इंग्लंडातल्या गिरण्यांच्या धुराने विटलेल्या बर्डवुडला इथल्या गावगाड्यात स्वर्ग दिसला. कुंभार, विणकर, लोहार आपापल्या जागी, बापाचा धंदा मुलाच्या हाती, आणि म्हणून कलेत एवढी सफाई, असा त्याचा निष्कर्ष. पुढे सिलोनच्या बेटावर जन्मलेल्या आनंद कुमारस्वामींनी १९०९ साली हिंदी कारागिरावर पुस्तक लिहिले. त्यांची विद्वत्ता मोठी आणि साम्राज्यवादावरची त्यांची टीका प्रामाणिक. पण जन्मसिद्ध धंदा आणि जातीची श्रेणी यांतच कारागिराचे समाधान आणि कलेचे सातत्य आहे, हा धागा त्यांनीही सोडला नाही. ग्रामोद्योगाच्या चळवळीने याच विचाराला खादीचे वस्त्र नेसवले. स्वातंत्र्यानंतरच्या हस्तकलेच्या सरकारी दुकानांतून तो काचेच्या कपाटात आला.

हे सारे पाहणारे लोक वस्तूच्या बाजूने उभे होते. आपल्याकडे त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गाव-गाडा' लिहिला, तेव्हा त्यांनी गावाच्या व्यवहाराचा हिशोब कुणब्याच्या बाजूने मांडला. बलुतेदार त्यांना बऱ्याच अंशी कुणब्याच्या खळ्यावरचा भार वाटला. एकाला बलुतेदारात स्वर्ग दिसला, दुसऱ्याला भार. बलुतेदाराच्या जागेवर बसून बलुत्याकडे पाहणारा मात्र अजून लिहिता झालेला नव्हता.

ते पाहणे विचारांच्या पातळीवर प्रथम मांडले बाबासाहेबांनी. १९३६ सालच्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या न झालेल्या भाषणात त्यांनी दाखवून दिले की जात म्हणजे केवळ श्रमाची विभागणी नव्हे, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही वरखाली रचलेली. ज्या धंद्यात माणसाची आवड नाही, ज्याची निवड त्याने केली नाही, आणि जो केल्याने तो कमी लेखला जातो, त्या धंद्यात त्याचे मन आणि बुद्धी कशी रमणार, हा त्यांचा सवाल होता. १९४५ साली गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली ती याच भूमिकेतून. यंत्राने माणसाला उसंत मिळते, आणि उसंतीवाचून संस्कृती नाही. चरख्याचे गोडवे गाणाऱ्यांना हे रुक्ष वाटले असेल. पण १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल आणणाऱ्या माणसाला 'वंशपरंपरा' या शब्दाची किंमत नेमकी ठाऊक होती. ज्यांच्या गळ्यात ती परंपरा पडली त्यांच्यासाठी ती दोरी होती.

४

बाबासाहेबांनी विचारांत जे मांडले, ते मराठी साहित्यात अनुभवाच्या अंगाने उतरायला १९७८ ते १९८१ ही वर्षे यावी लागली. या चार वर्षांतली तीन पुस्तके कारागिरीच्या प्रश्नाच्या दृष्टीने पुन्हा वाचली पाहिजेत. आपल्या समीक्षेने ती दुःखाची, अपमानाची, विद्रोहाची पुस्तके म्हणून वाचली, आणि ते योग्यच होते. पण ती कामाचीही पुस्तके आहेत, याकडे आपले पुरेसे लक्ष गेले नाही.

दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्याचे शीर्षकच पाहा. जो शब्द आजवर गावाच्या हिशोबातला, घेणाऱ्याच्या वहीतला होता, तो देणे लागणाऱ्यांच्या दारात फिर्याद म्हणून आला. आयुष्यात वाट्याला आलेले दुःख हेच बलुते, असा अर्थ त्या शब्दाला चिकटला, आणि त्यानंतर 'बलुतेदारी म्हणजे परस्परपूरक सहकार्य' असे पाठ्यपुस्तकी वाक्य लिहिणे कुणालाही निर्धास्तपणे जमेनासे झाले. एका पुस्तकाच्या नावाने एवढे काम केले.

माधव कोंडविलकरांचे 'मुक्काम पोस्ट : देवाचे गोठणे' १९७९ चे. राजापूर तालुक्यातला, चांभार कुटुंबातून शिक्षक झालेला माणूस यात बोलतो. माझ्यासारख्याला हे पुस्तक आरशासारखे वाटते. हातात खडू आला तरी गावाच्या नजरेत त्या हातात रापीच राहते. शिक्षकाचा धंदा बदलला, पण गावाने त्याची नोंद बदलली नाही. कसब सोडता येते, कसबाची जात सोडता येत नाही, हे सत्य या पुस्तकाइतके थंडपणे मराठीत क्वचितच आले असेल. कोकणाचे मराठी साहित्यातले रूप म्हणजे नारळी-पोफळी, समुद्र आणि तिरकस बोलणारी माणसे. त्या चित्रात चांभारवाडा कुठे होता? कोंडविलकरांनी कोकणच्या निसर्गवर्णनाला त्याचा राहिलेला अर्धा भाग जोडून दिला.

आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा', १९८० चे. कैकाडी समाजाचे, फोकांच्या टोपल्या विणत, गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडणाऱ्यांचे. प्रवासवर्णनात येणारी टोपली आणि 'उपरा'तली टोपली शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिली टोपली सुंदर आहे, कारण ती पाहणाऱ्याला घरी परत जायचे आहे. ती दिवाणखान्याच्या कोपऱ्यात शोभेल. दुसऱ्या टोपलीचे सौंदर्य तपासायला वेळच नाही, कारण ती विकली गेली तर चूल पेटणार आहे. विणकाम तेच, फोक तेच, बोटेही तीच. मग सौंदर्य कुठे आहे? वस्तूत आहे असे म्हणावे तर दोन्ही टोपल्या सारख्याच. म्हणजे सौंदर्याच्या अनुभवात पाहणाऱ्याची मोकळीक दडलेली असते, आणि ती मोकळीक करणाऱ्याच्या वाट्याला आलेली नसते. आपल्या सौंदर्यशास्त्राने कलाकृतीच्या 'अलौकिकते'वर, 'स्वायत्तते'वर पुष्कळ चर्चा केली. कलाकृती स्वायत्त असते की नसते यावर वाद घालणाऱ्यांनी, ती करणारा माणूस स्वायत्त होता की नव्हता हेही विचारायला हवे होते. दलित साहित्याने तो प्रश्न विचारला. म्हणूनच त्याची समीक्षा केवळ शैलीच्या मोजपट्टीने होत नाही.

५

हे जुने झाले, आता काळ बदलला, असे कुणी म्हणेल. तर अगदी कालचे उदाहरण घेऊ.

२०२५ च्या जून महिन्यात इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या बड्या कंपनीने पुरुषांच्या पोशाखांचे प्रदर्शन भरवले. त्यात कोल्हापुरी चपलेसारख्या दिसणाऱ्या चपला होत्या, आणि त्या कुठल्या याचा उल्लेख नव्हता. महाराष्ट्रात गदारोळ झाला. पुढे कंपनीने आपली प्रेरणा भारतीय पादत्राणांची असल्याचे मान्य केले. गदारोळ योग्यच होता. पण त्यातले शब्द तपासून पाहा. 'महाराष्ट्राची अस्मिता', 'कोल्हापूरची शान', 'आपला वारसा'. हा 'आपला' कोण? २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे. म्हणजे कागदावर तरी चर्मकाराचा उल्लेख होता. गदारोळात मात्र कोल्हापूर होते, महाराष्ट्र होता, भारत होता. चांभार आणि ढोर हे शब्द शोधावे लागत होते.

चप्पल 'आपली' झाली की जात गळते. चामडे कमावण्याची पाळी आली की जात परत येते. २०१५ साली राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा अधिक कडक झाला, तेव्हा चामड्याच्या धंद्यावर पोट असणाऱ्यांचे काय, हा प्रश्न अस्मितेचा झाला नाही. २०१६ च्या जुलैत गुजरातेत उना इथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना उघड्यावर मारहाण झाली, तेव्हा ते कातडे 'वारसा' नव्हते. एकाच कातड्याची ही दोन रूपे आहेत. सोलणाऱ्याच्या हातात ते विटाळ, आणि मिलानच्या मंचावर गेले की अस्मिता. या दोन टोकांच्या मधला सारा प्रवास ज्याच्या हातून होतो, त्याला या दोन्ही गोष्टींत बोलण्याचा अधिकार किती? कारागिरीची समीक्षा करायची तर ती इथे करायला हवी.

आमच्या पेणकडे पाहिले तर हीच गोष्ट उलट्या बाजूने दिसते. पेणचे गणपती देशात आणि परदेशांतही जातात. पेण शहर, हमरापूर, जोहे या पट्ट्यात घरोघर मूर्तीचे काम चालते, आणि त्यात नाना जातींची माणसे शिरली आहेत. जन्माने मूर्तिकार नसलेला माणूस आज कारखानदार होऊ शकतो. प्लास्टर ऑफ पॅरिस की शाडू, या वादात मूर्तिकारांच्या पोटापाण्याची चिंता सगळ्यांना वाटते, आणि ती वाटायलाच हवी. पण एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. मूर्तीच्या कामात सगळ्या जातींना शिरावेसे वाटले. चामड्याच्या कुंडीत हात घालायला आमच्याखेरीज कोण आले? कारागिरीचे एवढे प्रेम, तर ते कुंडीपाशीच का आटते? ज्या कामाला पूजेचा स्पर्श आहे ते 'कला' होते आणि सर्वांना खुले होते. ज्या कामाला विटाळाचा स्पर्श आहे ते जन्माने वाटले जाते. कुठली कारागिरी 'कला' म्हणून गणली जावी, हे कसबावरून ठरत नाही. ते शिडीवरच्या पायरीवरून ठरते.

आणि कातकऱ्यांचे काय? खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी. जंगलाचे कायदे आले, जंगल हातचे गेले, कात काढणे संपले. आज पेण-रोह्याच्या वाड्यांतला कातकरी वीटभट्टीवर राबतो. त्याची कारागिरी मेली, पण नाव उरले. कोल्हापुरीत वस्तू उरली आणि माणूस पुसला. इथे वस्तू पुसली आणि माणसाला तिच्या नावाने बांधून ठेवले. दोन्हीकडे निवड करणारा तो नव्हता.

६

मग नाव हवे की नको? आधी म्हटल्याप्रमाणे गावाला आजोबांचे नाव ठाऊक होते आणि त्याने काही भले झाले नाही. पण म्हणून नावच नको असेही नाही. प्रश्न आहे, नाव कोण कोरतो.

घारापुरीचे मुख्य शिवलेणे सहाव्या शतकातले मानले जाते. ते कुणी कोरले हे लेणे सांगत नाही. तिथला एक शिलालेख पोर्तुगीजांनी नेला आणि तो हरवला. पण याच बेटाच्या पूर्वेकडच्या टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, तिकडे पर्यटक फारसे वळत नाहीत. आणि आमच्याच जिल्ह्यात, रोह्याच्या पलीकडे तळा तालुक्यात, कुड्याची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्य आहे. कार्ल्याला सुताराचे नाव आहे. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या सोनाराचे नाव आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या धंद्यासह आपले नाव दगडावर यावे असे या माणसांना वाटले, आणि ते आले. धंदा सांगण्यात तिथे लाज नाही. खळ्यावर लांब उभे राहून भात मागणाऱ्याचा तो उल्लेख नव्हे. तो देणाऱ्याचा उल्लेख आहे. त्या काळात सारे समान होते असा दावा मी करणार नाही. दान द्यायला ऐपत लागते, आणि ती नसलेल्यांची नावे कुठल्याच दगडावर नाहीत. तरीही एवढे खरे की कारागिराचे नाव आणि कारागिराची जात या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक तो स्वतः लावतो. दुसरी त्याला लावली जाते.

यावरून कारागिरीच्या समीक्षेचे काही निकष मांडता येतील. वस्तू समोर आली की विचारावे : ही करणाऱ्याला हे काम न करण्याची मोकळीक होती का? वस्तूचे मोल ठरवताना त्याचा शब्द चालला का? ती करण्यामुळे तो समाजात वर चढला, की खाली ढकलला गेला? आणि वस्तूवर त्याचे नाव असेल, तर ते त्याने लावले की दुसऱ्याने? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर मग वस्तू सुंदर आहे की नाही ते बोलू. सौंदर्याला आमचा विरोध नाही. आजोबांच्या हातचा सुबक अंगठा मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. पण त्यांच्या कसबाला खरी दाद त्या दिवशी मिळाली असती, ज्या दिवशी ते काम सोडून देण्याचीही त्यांना मुभा असती आणि तरीही त्यांनी रापी उचलली असती.

७

शेवटी एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात 'कोकणची कारागिरी' असे प्रदर्शन भरले. मी चांभाराच्या घरातला आहे हे ठाऊक असल्याने आजोबांची हत्यारे आणता येतील का, असे मला विचारले गेले. मी उत्साहाने रापी, आरी आणि फर्मे नेऊन दिले. लाल मखमलीवर ती मांडली गेली. शेजारी फलक होता : 'पारंपरिक चर्मकला'.

वडिलांना मी ते पाहायला घेऊन गेलो. नव्वदीच्या दशकात डोलवीला पोलादाचा कारखाना उभा राहिला तेव्हा वडिलांनी रापी ठेवली आणि ते कंत्राटी कामाला लागले. हेल्मेटवर नंबर, पगाराच्या कागदावर नंबर. काम जड होते, धूर होता, नोकरीची शाश्वती नव्हती. पण तिथे मला नंबराने हाक मारतात हे ते घरी येऊन समाधानाने सांगत, ते मला लहानपणी कळत नसे. नंबराला जात नसते, हे मला फार उशिरा समजले.

वडील मखमलीपुढे बराच वेळ उभे राहिले. मला वाटले, त्यांना भरून आले असेल. मग ते म्हणाले, "कुंडी नाही ठेवली?"

मी म्हणालो, "अण्णा, कुंडी इथे कशी ठेवणार? वास येतो."

"मग हे आपलं नाही," ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन बसले.

त्या दिवशी मला ते हट्टी वाटले होते. घारापुरीच्या पायऱ्या उतरताना त्यांच्या म्हणण्याचा अर्थ लागला. वास वगळून मांडलेली परंपरा ही ज्यांनी वास सोसला नाही त्यांची परंपरा असते. आपल्या महाविद्यालयांतून 'पारंपरिक दिवस' साजरे होतात, हस्तकलेची प्रदर्शने भरतात, शैक्षणिक सहली जातात. शिक्षक म्हणून आपण ती थांबवू नयेत. मुलांना घेऊन जरूर जावे. पण बरोबर 'देवाचे गोठणे' न्यावे, 'उपरा' न्यावे, आणि मुलांना मखमलीपुढे उभे करून विचारावे की इथे काय ठेवलेले नाही.

लाँचमध्ये माझ्या एका विद्यार्थिनीने पिशवीतून दगडी हत्ती काढून दाखवला. तिने तो त्याच मावशींकडून घेतला होता. "सर, बनावट आहे ना हा?" तिने विचारले. मी म्हणालो, "असू दे. विकणारी खरी होती." प्रदर्शनातून परत आणलेली रापी आता माझ्या टेबलाच्या खणात आहे. ती मी भिंतीवर टांगलेली नाही. माझ्या मुलाने विचारले की त्याला काढून दाखवतो, आणि कुंडीची गोष्टही सांगतो. ती हातात धरायची की नाही, हे त्याचे त्याने ठरवावे.